अर्ज की दगड?

वैद्यात नारायण पाहणाऱ्या समाजात रुग्ण ‘ग्राहक’ ठरला तो १९९५ साली, सर्वोच्च न्यायालयाच्या शांता खटल्यातील निकालाने. डॉक्टरांना तो झोंबला. पण सेवेचा बाजार आधी कोणी मांडला? २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने दुसरी बाजू सावरली : घोर निष्काळजीपणाखेरीज डॉक्टरवर फौजदारी नको, त्याआधी तटस्थ वैद्यकीय मत हवे. दोन्हीकडे पुरावा मुख्यतः केसपेपरचाच. मागणीनंतर ७२ तासांत नोंदी द्याव्यात, असा नियम २००२ पासून आहे. तो नातलगांना ठाऊक नसतो, रुग्णालये सहसा सांगत नाहीत. मग संशय बळावतो आणि अर्जाऐवजी दगड उचलला जातो. हा नियम प्रत्येक रुग्णालयात मराठीत, दर्शनी भागी लावला जावा. कार्यकर्त्यांनीही बाचाबाचीत उतरण्यापूर्वी नातलगांकडून नोंदींसाठी लेखी अर्ज करवून घ्यावा.