चौथीपर्यंतची शाळा हिवाळ्यात नऊच्या आधी का नको?

कळमनुरी : थंडी वाढली की सकाळच्या शाळेसाठी लहान मुलांना उठवणे पालकांच्या जिवावर येते.

नियम काय?
पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ वाजता किंवा त्यानंतर भरवावेत, असा शासन निर्णय ८ फेब्रुवारी २०२४ रोजी निघाला. कारण होते मुलांची अपुरी झोप. अडचण असलेल्या शाळांना शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते.

थंडीशी संबंध काय?
हिंगोली जिल्हा समुद्रापासून दूर. हिवाळ्यात आकाश निरभ्र, हवा कोरडी. त्यामुळे जमीन रात्री झपाट्याने थंड होते. पारा सर्वांत खाली जातो तो सूर्योदयाच्या सुमारास. सातच्या शाळेची मुले नेमकी तेव्हाच घराबाहेर पडतात. नऊपर्यंत ऊन आलेले असते.

पालकांनी काय करावे?
• ताप असल्यास मुलाला घरीच ठेवा.
• साधी सर्दी विषाणूमुळे होते. तिच्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही.
• खोकल्याचे औषध डॉक्टरांना विचारूनच द्या.
• धाप लागली किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडू लागला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.
• बंद खोलीत शेगडी पेटती ठेवू नका. विषारी वायूने जीव जाऊ शकतो.

शाळा अजूनही सातलाच भरत असेल, तर पालकांना शाळा व्यवस्थापन समितीत वेळेचा विषय मांडता येतो.