ढोर पुरण्याआधी पुरावा घ्या



गायरानाला लागून जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं गाळायची भट्टी सुरू झाली. तिची राख गायरानात टाकतात. तेव्हापासून आसपासच्या पाड्यांवर ढोरं मरायला लागली. भगत म्हणतो, भुताळीचं काम. भट्टीवाला म्हणतो, तुमच्या ढोरांनाच रोग. दोघांच्या बोलण्यात भट्टी सुटते आणि एखादी एकटी बाई अडकते. तिच्या जमिनीवर कोणाचा डोळा आहे, तेही सगळ्यांना ठाऊक असतं.

आम्ही म्हणतो, आधी निदान करा. शिशाची बाधा झालेलं ढोर खाणं सोडतं, दात खातं, लाळ गाळतं. कान, पापण्या फडफडतात. डोळा वरून स्वच्छ, पण दिसत नाही. भिंतीला डोकं लावून उभं राहतं. वासरं तर एक-दोन दिवसांतच जातात. पण पिसाळलेलं ढोरही असंच करतं. म्हणून तोंडात हात घालू नका, आणि नुसतं बघून ठरवू नका.

ढोर जिवंत असेल तर सरकारी ढोर-डॉक्टरला बोलवा. रक्त गोठू न देता तपासणीला पाठवा म्हणावं, कारण शिसं तांबड्या पेशींत असतं. लवकर कळलं तर कॅल्शियम ईडीटीएचं इंजेक्शन आहे.

मेलं तर स्वतः फाडू नका, घाईनं पुरूही नका. डॉक्टरकडून फाडून घ्या. शिसं जड, त्याचे तुकडे पोटाच्या जाळीदार कप्प्यात बसतात. तुकडे नाही मिळाले तरी विषय संपत नाही. खरा दाखला गुर्दे आणि काळजाच्या तपासणीत मिळतो. ते वेगवेगळ्या बरण्यांत, बर्फात ठेवून, सील करून प्रयोगशाळेत गेले पाहिजेत. पंचनाम्यावर पाड्यातल्या दोघांच्या सह्या-अंगठे हवेत. नक्कल आपल्याकडे ठेवा.

त्या ढोराचं मटण खाऊ नका. बाधा झालेल्या गाईचं दूध पोरांना देऊ नका, शिसं दुधात उतरतं. आणि ढोरं राख चाटतात तिथंच आपली पोरं खेळतात, हे विसरू नका. त्यांचंही रक्त तपासा, ही आपली मागणी आहे.

अहवाल हातात आला की भरपाईचा अर्ज करू. मग तहसीलदारसाहेबांना सगळे मिळून विचारू: गायरान ढोरांचं, तिथं राख टाकायची परवानगी कोणी दिली?