रस्ता रखडतो, दावा वाढतो

मंठा, जिंतूर आणि सेलूकडील रस्ते परभणी जिल्ह्यातील देवगाव फाट्यावर एकत्र येतात. मंठ्याहून सेलू, पाथरीमार्गे परळीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५४८ बी येथूनच पुढे सरकतो. अशा मार्गावरील काम अर्धवट राहिले, की कंत्राटदार पळाला की खात्याने पैसे अडवले, याची चर्चा फाट्यावरच्या हॉटेलांत रंगते. खरा निवाडा मात्र कराराच्या कलमांवर होतो आणि त्याचा भुर्दंड अखेर करदात्यावर पडतो.

बांधकाम कंत्राटांतील दाव्यांचे सर्वांत मोठे मूळ विलंबात असते. भूसंपादन पूर्ण नाही, विजेचे खांब हललेले नाहीत, जलवाहिनी रस्त्याखालीच आहे, तरीही कार्यारंभ आदेश निघतो. यंत्रे आणि मजूर बसून राहतात. भाडे, मजुरी आणि व्याज चालूच असते. कंत्राटदार मुदतवाढीबरोबर नुकसानभरपाईही मागतो. खात्याला मुदतवाढ देणे सोपे वाटते, कारण तिला त्या दिवशी पैसे लागत नाहीत. वाद तेथेच जन्म घेतो.

मराठवाड्यात यात काळ्या मातीची भर पडते. पावसात फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी ही माती अंदाजापेक्षा खोल निघाली, की खोदाई आणि मुरुमाचे परिमाण वाढते. राज्य शासनाच्या बी-१ निविदा नमुन्यातील कलम ३८ याचसाठी आहे. निविदेतील परिमाणापेक्षा २५ टक्क्यांहून अधिक काम झाल्यास त्या वाढीव भागाचा दर नव्याने ठरतो. तो कोणता, यावरूनच बहुतेकदा तंटा होतो.

तिसरा प्रकार भाववाढीचा. मध्य प्रदेशातील नरसिंहपूर वळणरस्त्याच्या कामात घाऊक किंमत निर्देशांकाची जुनी मालिका जाऊन नवी आली. महामार्ग प्राधिकरणाने दोहोंना जोडणारे सूत्र परिपत्रकाद्वारे लागू केले. कोरियाच्या सँगयाँग कंपनीने त्यास आव्हान दिले. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पक्षाला करार परस्पर बदलता येत नाही, असे स्पष्ट केले.

हक्क असूनही अनेक दावे कोसळतात ते कागदाअभावी. बी-१ च्या कलम ६ नुसार अडथळा आल्यापासून ३० दिवसांत किंवा मूळ मुदत संपण्यापूर्वी, यांपैकी जे आधी असेल तेव्हा, मुदतवाढीचा लेखी अर्ज करावा लागतो. अभियंता नाराज होईल, पुढचे देयक अडकेल, या भीतीने छोटा कंत्राटदार पत्रच लिहीत नाही. सूट खात्यालाही नाही. वेळेस महत्त्व असलेल्या करारात उशिरा झालेले काम नोटिशीविना स्वीकारल्यास विलंबाची भरपाई मागता येत नाही, असे १८७२ च्या करार कायद्याचे कलम ५५ सांगते.

केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सरकारी कंत्राटांतील लवाद सर्वसाधारणपणे १० कोटी रुपयांखालील वादांपुरता मर्यादित ठेवण्यास सांगितले आणि मध्यस्थीवर भर दिला. मोठ्या रकमेचे लवाद निवाडे व्याजासह तिजोरीवर येतात, ही त्यामागची चिंता रास्त आहे. परंतु जागा ताब्यात नसताना आदेश काढण्याची सवय त्याने सुटत नाही. दावा केवळ लवादाऐवजी न्यायालयात जातो. बी-१ वर काम करणाऱ्या कंत्राटदाराची कोंडी तर याहून जुनी आहे. त्यातील कलम ३० अनेक बाबतींत अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम मानते, आणि हा अधिकारी त्याच खात्याचा असतो.