बुरशी भिंगाची आणि बुद्धीची

जुन्या कॅमेऱ्याच्या भिंगाला बुरशी लागली म्हणजे तो कॅमेरा कामातून गेला, असे एक मत शहाण्यासुरत्या माणसांत रूढ झाले आहे. मला ते साफ अमान्य आहे. मी हिंगोली जिल्ह्यातल्या हट्ट्याचा रहिवासी. तेव्हा हट्ट धरणे हा माझा गावहक्कच समजा. आणि माझा हट्ट असा की, भिंग घरी साफ करता येते, आणि ज्याचा हात स्थिर आहे त्याने ते घरीच साफ करावे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : ‘हे तज्ज्ञांचे काम. कंपनीकडे पाठवा.’ पाठवतो, पण कंपनीचा पत्ता द्या! बडोद्यात तयार झालेल्या ज्या आग्फा क्लिक-३ कॅमेऱ्याने आपल्याकडची कितीतरी बारशी, मुंजी आणि लग्ने टिपली, त्या आग्फाचा फिल्मचा धंदा २००४ साली वेगळा निघाला आणि २००५ साली त्याचे दिवाळे वाजले. राहता राहिले शहरातले दुकानदार. अशाच एका दुकानात मी एक भिंग घेऊन गेलो होतो. गृहस्थांनी ते उजेडात धरून पाहिलेसुद्धा नाही. ‘काका, यापेक्षा नवा मोबाईल घ्या,’ एवढा सल्ला मात्र फुकट दिला. सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘दुरुस्तीच्या हक्का’चे संकेतस्थळ सुरू केले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्यासाठी निवडलेली क्षेत्रे चार : शेतीची अवजारे, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने. आजोबांच्या कॅमेऱ्याला वाली कोण? आपणच!

आणि या बुरशीचा एवढा बाऊ तरी कशासाठी? दिसते ती कोळिष्टकासारखी. पण ती काही भुताटकी नव्हे. दमट हवा आणि अंधार मिळाला की ती पसरते. चामडे ओल धरून ठेवते. म्हणूनच जिवापाड जपून, चामडी म्यानात घालून, ट्रंकेच्या तळाशी ठेवलेले भिंग सर्वांत आधी बिघडते. बुरशी ताजी असेल तर पुसली जाते. आधी रबरी फुग्याने धूळ उडवावी. मग खाचांत बसणाऱ्या दुटोकी हत्याराने काच धरून ठेवणारी कडी सोडवावी. कोणती काच कोणत्या तोंडाने बसली होती, त्याचे पायरीपायरीला छायाचित्र घ्यावे. मोबाईलचा तेवढा उपयोग मलाही मान्य आहे. तीन टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड मऊ कागदावर घेऊन, मध्यापासून कडेकडे, दाब न देता पुसावे. शेवटी शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात फिरवावा. संपले! बुरशी जुनी असेल तर तिच्या आम्लाचे चरे काचेवर राहतात आणि ते जात नाहीत, हे खरे. पण थोड्याशा चऱ्यांनी चित्र बिघडत नाही.

आता दुसरा पक्ष. हा पहिल्याहून भयंकर. दिवाळीची झाडलोट निघाली की तो धोतराचा तुकडा आणि दात घासायची पेस्ट घेऊन भिंगावर तुटून पडतो. अहो, ते काय पितळेचे तांब्याभांडे आहे? झाइस कंपनीतल्या स्माकुला यांनी १९३५ साली भिंगावर चढवण्याच्या लेपाचा शोध लावला. उजेड परतू न देणारा तो लेप मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या हिश्शाइतका पातळ असतो. तो घासून काढायचा आणि मग ‘जुना कॅमेरा धुरकट काढतो’ म्हणून बोंब मारायची, हा कोण शहाणपणा? पुढच्या काचेवरचे दोनचार धूलिकण चित्रात उमटतही नाहीत. त्यांना राहू द्यावे. कधी हात लावू नये हे कळणे, हा दुरुस्तीचाच एक भाग आहे.

तसेच, दोन काचा डिंकासारख्या बाल्समने चिकटवलेल्या असतील, आणि १९०२ च्या टेसार भिंगात मागची जोडी तशीच असते, तर त्या जोडीच्या वाटेला जाऊ नये. लांबीजवळी जुळवणारे आटेही उगाच उकलू नयेत. काही जुन्या भिंगांच्या काचेत थोरियम असते. ती कालांतराने आमच्या वसमतकडच्या हळदीसारखी पिवळी पडतात. ती घासू नयेत, ऊन दाखवावे. पिवळेपणा बराच उतरतो. मात्र भिंगातून ऊन एकवटून आग लागते, तेव्हा मागचे तोंड झाकावे आणि भिंग तापू देऊ नये.

‘पण आपल्यासारख्या साध्या माणसाने?’ होय, साध्या माणसानेच! कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांना कोणत्या कंपनीने परवाना दिला होता? आनंदराव १९१६ साली गेले, तरी बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीने १९१८ पर्यंत कॅमेराच तयार केला, आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्यांनी कॅमेरा घडवला. आपल्याला साधी कडी सोडवायची आहे. आमच्या गावात शेतकरी विहिरीवरची मोटर उघडतो, शिंपी आपले यंत्र उघडतो. आणि त्यांचीच शिकलेली मुले दोन स्क्रू पाहून दचकतात. वस्तू बिघडली की टाकायची, हे त्यांना कोणी शिकवले? खरी बुरशी ती ही. तीही बंद पेटीत, अंधारातच वाढते.

तेव्हा वाचकहो, यंदा माळ्यावरून कॅमेरा खाली आला तर तो भंगारवाल्याच्या तराजूत टाकू नका आणि राखुंडीने घासूही नका. चामडी म्यान बाजूला काढा. भिंग उजेडात धरा, घरातल्या पोरांना जवळ बसवा आणि आत काय आहे ते त्यांना दाखवा. साफ झालेले भिंग घट्ट झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यातून येणाऱ्या त्या ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवा. आणि महिन्या-दोन महिन्यांनी काढून वापरा. १२० चे रीळ आजही मिळते. वापरातल्या भिंगाला बुरशी सहसा धरत नाही. आणि वापरातल्या बुद्धीलाही.