हौस रंगाची, कसोटी पत्र्याची

जुनी मोटार घरच्या घरी रंगवायची असे कोणी म्हटले, की घरच्या मंडळींच्या कपाळावर आठी उमटते. वाळत घातलेल्या कपड्यांवर रंग उडणार, थिनरचा वास माजघरापर्यंत येणार आणि एवढे करून गाडी पूर्वीपेक्षा वाईट दिसणार, ही भीती अगदीच निराधार नसते. तरीही कोलकात्यात ही हौस टिकून आहे. 'द स्टेट्समन' या वृत्तपत्राची जुन्या मोटारींची रॅली या शहरात कित्येक दशके भरत आली. जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांसाठी मल्लिकबाजार प्रसिद्ध आहे. आणि अ‍ॅम्बॅसडर तर या शहराची लेकच. हुगळी नदीच्या पलीकडे, उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात १९५०च्या दशकाच्या अखेरीस ती बनू लागली. मूळ साचा इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचा. मे २०१४ मध्ये उत्पादन थांबले. आता ज्या गाड्या उरल्या, त्या जपायच्या तर हौशी माणसालाच बाह्या सरसावाव्या लागतात.

पण रंगाचा डबा उघडण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. अ‍ॅम्बॅसडरला जुन्या पद्धतीची वेगळी, भक्कम चौकट नाही. तिचा पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. त्यामुळे दाराखालच्या पट्टीत किंवा पायाखालच्या तळात गंज शिरला, तर प्रश्न केवळ दिसण्याचा राहत नाही, गाडीत बसणाऱ्यांच्या सुरक्षिततेचा होतो. गंजावर लांबी थापून वर चकचकीत रंग दिला, की गाडी रॅलीत मिरवते आणि आतून पोखरत राहते. याची परीक्षा सोपी आहे. पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावे. जिथे ते धरत नाही, तिथे लांबीचा जाड थर आहे असे समजावे. सडलेला पत्रा कापून नवा जोडण्याचे काम मात्र जाणत्या वेल्डरकडेच द्यावे. ते हौसेचे काम नव्हे.

कुमारटुलीचे मूर्तिकार आधी गवताचा सांगाडा बांधतात, त्यावर मातीचे थर देतात, ते वाळले की पांढरे अस्तर चढवतात आणि मग रंगाला हात घालतात. मोटारीचेही तसेच आहे. मेहनतीचा मोठा वाटा रंगाच्या आधीच खर्ची पडतो. गंज खरवडणे, पोचे काढणे, पत्रा साबणाने धुऊन तेलकटपणा पुसणे, गंजरोधक प्रायमर, त्यानंतर अगदी पातळ लांबी, पुन्हा प्रायमर आणि घासाई. प्रायमरवर काळ्या रंगाचा हलका फवारा मारून ४०० नंबरच्या वॉटरपेपरने घासले, तर खळग्यांत काळे ठिपके राहतात आणि उंचवटे चटकन उघडे पडतात. व्यावसायिक कारागिराला दुसरी गाडी वाट पाहत असते; हौशी माणसाकडे वेळ असतो. त्याचे खरे भांडवल तेवढेच.

कोलकात्याची हवा हा दुसरा परीक्षक. पूर्वी मोटारीचा रंग वाळायला कित्येक दिवस, कधी आठवडेही लागत. १९२३च्या सुमारास अमेरिकेच्या ड्यू पाँ कंपनीने ड्युको हा झटपट वाळणारा लॅकर आणला आणि हे काम काही तासांवर आले. आपल्याकडे तर 'ड्युको' हा शब्द मोटारीच्या रंगासाठीच रूढ झाला. पण लॅकरमधला थिनर भराभर उडताना पृष्ठभाग थंड पडतो. हवा दमट असली तर त्यावर दव धरते आणि रंगावर दुधाळ साय आल्यासारखी दिसते. म्हणून पावसाळ्यात गन हाती धरू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे कोरडे दिवस साधावेत, तेही ऊन वर आल्यावर. नुसत्या प्रायमरवर गाडी पावसाळाभर ठेवणेही घातक, कारण साधा प्रायमर ओल शोषतो आणि खाली पुन्हा गंज सुरू होतो. जुन्या सिंथेटिक एनॅमलवर थेट लॅकर मारला तर खालचा रंग सुरकुततो, म्हणून आधी कोपऱ्यात एक लहानसा तुकडा रंगवून पाहावा.

सर्वांत मोठा धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही. आजकाल गॅरेजमध्ये हार्डनर मिसळून मारायचा दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग वापरतात. त्याची चमक टिकाऊ असते. पण हार्डनरमधल्या आयसोसायनेटचा फवारा श्वासात गेला तर कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल किंवा साधा कागदी मास्क बांधून त्यापासून संरक्षण होत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा आणि बंदिस्त खोली नसेल, तर हा रंग घरी मारूच नये. अस्तरापर्यंतचे काम घरी करून शेवटचा हात गॅरेजवाल्याकडून घेण्यात कमीपणा नाही. लॅकर किंवा एनॅमल घरी मारतानाही रसायनांच्या वाफा अडवणारा मुखवटा लावावा, जागा उघडी असावी. जवळ स्वयंपाकाची शेगडी किंवा देवापुढची समई पेटती नसावी, कारण थिनरची वाफ क्षणात पेट घेते. जुन्या रंगात शिसे असू शकते. तो पाण्याने ओला करून घासावा, धूळ झाडूने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी आणि मुलांना तिकडे फिरकू देऊ नये.

राहता राहिली रंगाची निवड. डॅशबोर्डच्या मागे, डिकीच्या अस्तराखाली किंवा दाराच्या गादीआड कारखान्यातला मूळ रंग बहुधा सापडतो. सगळे खरवडून टाकण्याआधी त्याचे छायाचित्र घ्यावे आणि नमुना जुळवून घ्यावा. नोंदणीपुस्तकात रंगाचीही नोंद असते. तो बदलायचा तर आरटीओत रीतसर नोंद करून घ्यावी लागते. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार 'विंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. पण गाडी मूळ रूपात असावी, सांगाड्यात व इंजिनात मोठे फेरफार नसावेत, अशी त्यात अट आहे.

घरी रंगवलेल्या गाडीवर एखादा ओघळ राहतो, कुठे धुळीचा कण बसतो. रंग पक्का वाळल्यावर २००० नंबरच्या कागदाने आणि रबिंग कंपाउंडने तो काढता येतो. खालच्या गंजाला मात्र असा उपाय नसतो. पहिला महिना पत्र्याला द्यावा. रंगाला शेवटचे दोन दिवस पुरतात.