बल्खच्या सरदारांना जाहीर इशारा

(हिंदुकुशच्या दक्षिणेकडील तळावरून, इ.स.पू. 329 च्या वसंताआधी)

बेससाच्या पदरी असलेल्या सरदारांनी, स्वारांनी आणि किल्लेदारांनी नीट ऐकावे.

सम्राट दारा रणात पडले नाहीत. इस्ससला आपण हरलो, गौगामेलाला हरलो. ती हार सोसली. पण एकबताना सोडून पूर्वेकडे निघालेल्या धन्याला वाटेत धरणारे हात मॅसिडोनियाचे नव्हते. बेसस त्यांच्या नात्यातला, बल्खचा सुभेदार. नाबरझनेस त्यांचा सेनानी. बार्सएंतेस त्यांचाच सुभेदार. या तिघांनी राजाला जेरबंद करून झाकलेल्या गाडीत कोंबले. बेड्या सोन्याच्या होत्या म्हणून त्यात अदब शिरत नाही. सिकंदर पाठीवर आला, तेव्हा राजाला भोसकून रस्त्यात टाकले आणि 600 स्वारांनिशी पळ काढला. तो देह पर्सेपोलिसला पूर्वजांशेजारी मानाने ठेवायला शत्रूने पाठवला. आम्हा इराण्यांना याची लाज जन्मभर पुरेल.

आता बेसस ताठ मुकुट घालतो, स्वतःला अर्तक्षत्र म्हणवतो. खाल्ल्या मिठाला न जागलेल्या या माणसाला तुम्ही मुजरे करता! ज्याने राजा विकायला काढला, तो अडचणीत तुम्हाला किती वेळ राखील?

सम्राटांचे सरदार अर्ताबाझ यांनी शेवटपर्यंत इमान राखले. सिकंदराने त्यांना सन्मानाने जवळ केले. नाबरझनेस शरण आला, त्यालाही जीवदान मिळाले. मला ते मुळीच पटलेले नाही, तरी सांगतो, कारण दार उघडे आहे हे तुम्हाला कळावे. सातिबर्झनेसला माफीबरोबर त्याचा सुभाही परत दिला होता. त्याने सिकंदराने मागे ठेवलेल्या पहाऱ्याचीच कत्तल केली. तसली माफी पुन्हा मिळणार नाही.

बेससाला जिवंत हवाली करा. गावे उजाड करणे आणि धान्य जाळणे आजपासून थांबवा. उपाशी मरतील ती तुमचीच रयत आहे. मुदत घाटातले बर्फ हटेपर्यंत. ऑक्ससपलीकडे जाऊन होड्या जाळल्यात, तरी पाठलाग थांबणार नाही.

मुदतीनंतर जो त्याच्या छावणीत सापडेल, त्याला राजहत्येतला साथीदार धरले जाईल. कुळ, हुद्दा, वय पाहिले जाणार नाही. सम्राटांचे सख्खे भाऊ ऑक्सिआथ्रेस आमच्या बाजूला आहेत. बेससाला त्यांच्या हाती द्यायचे आहे.