जुन्या खेळाचा शुद्ध पाठ

जपानांत तोमोहिरो निशिकादो यांनीं १९७८ सालीं रचलेला, नाणें टाकून खेळावयाचा 'स्पेस इन्व्हेडर्स' २०२० सालीं 'निन्टेंडो स्विच' या हातांत धरावयाच्या यंत्रावर पुनः प्रसिद्ध झाला. त्यांत जसजसे शत्रु मरतात तसतशी उरलेल्यांची चाल वाढते. ही मूळ योजना नव्हती. पुष्कळ आकृति हलवितांना जुनें यंत्र मंदावे. भार घटला कीं धांवे. निशिकादोंनीं तें व्यंग राहूं दिलें आणि खेळाची उत्कंठा त्यांतूनच उपजली. आजच्या यंत्रास तो भार जाणवत नाहीं. म्हणून जुना मंदपणा मुद्दाम राखावा लागतो. पोथी उतरून घेणाऱ्यानें मूळ पाठ 'सुधारूं' नये, हा आपला दंडक येथेंहि लागू पडतो. मुलांसाठीं असा खेळ घेतांना वडील मंडळींनीं ही चाल आधीं पाहून घ्यावी. ती न राखणारी आवृत्ति नुसती नांवाची समजावी.